रेंज नसलेल्या कच्च्या रस्त्यासाठी नकाशा ॲप कसं निवडावं : लडाख-स्पितीला पहिल्यांदा गाडी नेणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन लडाख किंवा स्पितीला जायचं ठरलं की सर्व्हिसिंग, टायर, ऑक्सिजनचा सिलिंडर, परमिट यांच्या याद्या महिनाभर आधी सुरू होतात. नकाशाचा विषय मात्र 'गुगल मॅप आहेच की' एवढ्यावर आटोपतो. अटल बोगदा, केलाँग, जिस्पा इथपर्यंत त्यावर भागतं. दारच्याच्या पुढे लांबलांबच्या टप्प्यांत रेंज नसते, स्पितीच्या बाजूला ग्रांफू ते लोसर हीच गत. तिथे पडद्यावर नुसता निळा ठिपका आणि मागे कोरी चौकट उरली, तर गाडी कितीही दणकट असून उपयोग होत नाही.

सगळ्यात चांगलं ॲप कुठलं, असं नवीन माणूस हमखास विचारतो. त्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं. रेंज गेल्यावर या ॲपमधलं नेमकं काय काय चालू राहतं? आणि मी जिथे जाणार आहे तिथल्या रस्त्यांची माहिती यात आली कुठून? या दोनांची उत्तरं मिळाली की निवड जवळजवळ झालेली असते.

१. आधी जीपीएस आणि नेटवर्क वेगळे करा

फोनमधला जीपीएस फक्त ऐकतो, काही पाठवत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश पकडून तो आपली जागा काढतो. त्याला सिम लागत नाही, डेटा पॅक लागत नाही. सरचूच्या मैदानातही तुमचा ठिपका बरोबर जागी दिसेल. गायब होतो तो त्या ठिपक्याखालचा नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो.

एक खाच मात्र आहे. एरवी उपग्रह कुठे आहेत हे फोन इंटरनेटवरून पटकन विचारून घेतो, म्हणून शहरात जागा क्षणात सापडते. रेंज नसली की हीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते. ती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते आणि आकाश मोकळं नसेल तर मधेच तुटते. त्यामुळे फोन बंद करून चालू केल्यावर पहिला ठिपका यायला मिनिटभर, कधी जास्तही लागतो. अशा वेळी ॲप बिघडलं समजून सेटिंग्जशी खेळत बसू नका. गाडी उघड्यावर थांबवा आणि फोन काचेजवळ धरा. सकाळी मुक्कामावरून निघतानाच लोकेशन चालू करून ठेवलं तर ही वेळ सहसा येत नाही.

मोठा पडदा हवा म्हणून डॅशबोर्डवर टॅबलेट लावणार असाल तर एक गोष्ट आधी तपासा. नुसत्या वाय-फायवर चालणाऱ्या बऱ्याच टॅबलेटमध्ये जीपीएस नसतोच. वाय-फायवाल्या आयपॅडचंही तेच.

आणि 'लेहला पोहोचल्यावर डाउनलोड करू' हा बेत मनातून काढून टाका. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. जे उतरवायचं ते घरच्या वाय-फायवर.

२. नकाशाखाली माहिती कोणाची आहे ते बघा

प्ले स्टोअरवर ऑफलाइन नकाशांची ढीगभर ॲप दिसतात, पण त्यांच्या पोटात डोकावलं तर बहुतेकांचा कच्चा माल एकच असतो : ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक भरतात. ऑरगॅनिक मॅप्स, ऑस्मअँड, मॅप्स डॉट मी ही सगळी त्याच्यावरच उभी आहेत. गुगलची माहिती स्वतंत्र आहे.

हा फरक कळला की एक नेहमीची गफलत टळते. लोक ऑस्मअँडवर रस्ता बघतात, खात्री म्हणून ऑरगॅनिक मॅप्स उघडतात, तिथेही तोच रस्ता दिसतो आणि निर्धास्त होतात. एकाच वहीतून दोघांनी उतरवलेलं उत्तर जुळलं म्हणून बरोबर ठरत नाही. खरी पडताळणी हवी तर एक ॲप ओपनस्ट्रीटमॅपवालं आणि दुसरं गुगलचं असावं.

कच्च्या रस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप उजवा ठरतो, कारण त्यात रस्त्याबरोबर त्याचा स्वभावही नोंदवता येतो : डांबरी, खडीचा की मातीचा, किती खडबडीत, फक्त फोर बाय फोरसाठी आहे का. गाडीवाटांना १ ते ५ अशी प्रतही देतात. १ म्हणजे घट्ट बसलेला रस्ता, ५ म्हणजे माती-गवतातून गेलेली चाकोरी. अर्थात कोणी तरी हे भरलेलं असेल तरच ते दिसतं. लडाखमधल्या वहिवाटीच्या रस्त्यांवर माहिती बरी असते, आडवाटांवर विरळ. तपशील नसलेली रेघ चांगल्या रस्त्याची आहे असं धरू नका.

अमेरिकेतले भाऊ-बहीण, मित्र हमखास ऑनएक्स ऑफरोड सुचवतात. युटा-कोलोरॅडोत ते खरंच उपयोगी आहे. कुठली वाट सरकारी जमिनीतून जाते आणि कुठे खासगी हद्द लागते हे तिथे फार महत्त्वाचं असतं आणि ते ॲप ते दाखवतं. पण त्यातली वाटांची माहिती मुख्यतः अमेरिकेची आहे. लडाखसाठी त्याचे पैसे भरण्यात अर्थ नाही. गाया जीपीएस जगभर चालतं, पण नकाशे ऑफलाइन ठेवायचे तर वर्गणी भरावी लागते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांचा त्यातला मुख्य आधार पुन्हा ओपनस्ट्रीटमॅपच.

३. माझी निवड

पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑरगॅनिक मॅप्स आणि गुगलचा ऑफलाइन नकाशा, अशी जोडी घ्यावी. ऑरगॅनिक मॅप्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. शोध, रस्ता काढणं, आवाजी सूचना सगळं ऑफलाइन चालतं, समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) दिसतात आणि आपण गेलेली वाट नोंदवून ठेवता येते. मुख्य म्हणजे एका संध्याकाळी हातात बसतं. बोटं गारठलेली असताना आणि शेजारचा माणूस डोकं धरून बसलेला असताना सोपं ॲपच कामाला येतं.

चांगथांगमधले आडरस्ते किंवा झांस्करची आतली खोरी करायची असतील तर ऑस्मअँड शिका. त्याची मेन्यूंची गर्दी सुरुवातीला अंगावर येते, पण त्यात रस्त्याचा पृष्ठभाग आणि खडबडीतपणा रंगाने दाखवायची सोय आहे आणि ऑफरोडसाठी वेगळी नकाशाशैलीही आहे. ती लावली की डांबर कुठे संपतं हे घरबसल्या दिसतं. अँड्रॉइडवरच्या मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात आणि समोच्चरेषांना पैसे पडतात. या एका ॲपवर पैसे खर्च करायला माझी हरकत नाही.

ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑस्मअँड या दोन्ही ॲपमध्ये 'कच्चे रस्ते टाळा' असा पर्याय असतो. तो चालू राहिला तर ॲप शंभर-दोनशे किलोमीटरचा वळसा दाखवेल किंवा रस्ताच नाही म्हणेल, आणि तुम्ही नकाशाला दोष द्याल. निघण्याआधी तो कुठे आहे ते शोधून ठेवा.

४. उतरवताना परतीचा दुसरा रस्ताही उतरवा

मनाली-लेह करायचं म्हणून तेवढाच पट्टा उतरवणं ही सर्रास दिसणारी चूक. बारालाचा खिंडीत बर्फ पडला किंवा दरड कोसळली की रस्ता दिवसभर बंद राहू शकतो आणि परतीचा बेत कारगिल-श्रीनगरमार्गे वळतो. स्पितीतून कुंझुम खिंड बंद झाली तर किन्नौर-शिमल्याकडून उतरावं लागतं. म्हणून हिमाचल, लडाख, जम्मू-काश्मीर आणि खाली पंजाब-हरियाणा असं सगळं घ्या. सोबत्याच्या फोनवरही हेच नकाशे असू द्या. एक फोन पडला, फुटला तर दुसरा तयार हवा.

गुगलच्या ऑफलाइन नकाशाच्या मर्यादा ठाऊक असू द्या. त्यात फक्त गाडीचा रस्ता निघतो, पायी जायचा नाही. रहदारी दिसत नाही, पर्यायी मार्ग सुचवले जात नाहीत, उपग्रहचित्र नसतं. शिवाय त्याला मुदत असते, ती संपली की नकाशा निकामी होतो. निघायच्या आदल्या दिवशी ऑफलाइन नकाशांची यादी उघडून प्रत्येकावर 'अपडेट' दाबा.

ताज्या नकाशाची गरज लडाखमध्ये इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त आहे. निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता सीमा सडक संघटनेने मार्च २०२४ मध्ये जोडून पूर्ण केला. त्याआधी उतरवलेल्या नकाशात झांस्करमधून गाडी सलग पलीकडे काढता येणार नाही असं दिसू शकतं. जुन्या वळणांच्या शेजारी नवा रुंद रस्ता झालेला असतो आणि ॲप बिचारं 'मार्गावर परत या' म्हणत राहतं.

५. घरीच रेंज घालवा

या पायरीसाठी अर्धा तास काढा, कारण पुढचे बहुतेक घोटाळे इथेच पकडता येतात. फोन विमान मोडवर टाका, वाय-फाय बंद असल्याची खात्री करा, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आता :

- सरचूवर जा आणि बोटांनी मोठं करत राहा. वळणं स्पष्ट दिसतात की नकाशा धूसर होतो?
- 'पांग', 'बातल', 'हानले' शोधून बघा. देवनागरीत सापडलं नाही तर इंग्रजी स्पेलिंगने, तेही दोन-तीन प्रकारे. जे स्पेलिंग चाललं ते वहीत लिहा.
- दारचा ते पदुम रस्ता काढा. तो शिंकू ला या खिंडीवरून जातो का बघा. कारगिलकडून लांबचा फेरा दाखवत असेल तर नकाशा जुना आहे किंवा कच्चे रस्ते टाळायचा पर्याय चालू आहे.
- मार्गदर्शन सुरू करून आवाज येतो का ऐका. अँड्रॉइडवर आवाजाची फाइलही वेगळी उतरवावी लागू शकते. ती नसेल तर ॲप डोंगरात मुकं होतं.

यानंतर एखाद्या रविवारी गाडी काढा. पुणेकरांना ताम्हिणी किंवा वेल्ह्याहून मढे घाटाकडची बाजू, सातारकरांना कास-बामणोली. अशा रस्त्यांवर मधेमधे रेंज जाते आणि सह्याद्रीचे कडे जीपीएसची चांगली परीक्षा घेतात. उभ्या कातळावर आपटून आलेला संदेश फोनला फसवतो आणि ठिपका चाळीस-पन्नास मीटर बाजूला उडी मारतो. घाटात एकाखाली एक वळणं असतील तर ॲपला वाटतं आपण खालच्या वळणावर आहोत, आणि ते भलतीच सूचना देतं. लडाखच्या गाटा वळणांवर हेच होणार आहे. ठिपका किती वेळात सावरतो याचा अंदाज इथेच घेऊन ठेवा. सरावासाठी म्हणून जंगलखात्याच्या हद्दीत किंवा अभयारण्यात गाडी घालू नका, ती परवानगीची जागा आहे.

६. मार्ग काढण्यापेक्षा माग घ्या

आडरस्त्यावर ॲपला 'मला अमुक गावाला ने' म्हणण्यापेक्षा, त्याच मोसमात तिथून गेलेल्या माणसाने नोंदवलेला माग मिळवणं केव्हाही चांगलं. ही जीपीएक्स फाइल असते. ती ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑस्मअँडमध्ये उघडली की नकाशावर रंगीत रेघ उमटते. ती रेघ कोणाच्या तरी गाडीने खरोखर कापलेली असते. फाइल कोणत्या महिन्यातली आहे आणि कोणत्या वाहनाची, हे विचारून घ्या. बुलेटवाला जिथून गेला तिथून तुमची एसयूव्ही जाईलच असं नाही.

स्वतःचा मागही रोज सकाळी नोंदवायला लावा. धुकं, हिमवर्षाव किंवा अंधार पडला तर आलेल्या वाटेने मागे फिरायला त्याच्याइतका भरवशाचा आधार नाही.

अक्षांश-रेखांश लिहून घेताना पद्धत सांभाळा. कोणी ३४ अंश ९ मिनिटं सांगितलं आणि तुम्ही ॲपमध्ये ३४.०९ टाकलं, तर ते चुकलं. ९ मिनिटं म्हणजे ९ भागिले ६०, म्हणजे ०.१५, म्हणून ३४.१५ टाकायला हवं. फरक ०.०६ अंशाचा दिसतो, पण एक अक्षांश साधारण १११ किलोमीटरचा असल्याने जमिनीवर तो साडेसहा किलोमीटरहून जास्त भरतो. अंधारात होमस्टे शोधताना हे अंतर फार आहे.

७. ॲप सांगतं त्यातलं काय मानायचं

अंतर माना. वेळ मानू नका. रस्त्याच्या प्रकारावरून एक वेग गृहीत धरून ॲप वेळ काढतं. ग्रांफू ते बातल टप्प्यात दगड, गोटे आणि ओढे यांतून ताशी १५ ते २० किलोमीटर पडले तरी पुष्कळ, असा हिशेब ठेवा आणि मुक्काम त्यावर ठरवा.

ओढ्यांबद्दल नकाशा काहीच सांगत नाही. डोंगरातले हे नाले वितळणाऱ्या बर्फावर चालतात, त्यामुळे सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर चाकाच्या वर येतं. ज्या टप्प्यात ओढे आहेत तो पहाटे निघून दुपारच्या आत उरकायचा. आणि 'पागल नाला' नावाचे नाले एकाहून अधिक आहेत, लाहौलमध्येही आणि पँगाँगच्या रस्त्यावरही. ढाब्यावर कोणी 'पागल नाला बंद है' म्हटलं तर कुठला, ते विचारा.

नकाशावर रस्ता आहे म्हणजे आज तो गाडीखाली आहे असं नसतं, हे महाराष्ट्राने फार वाईट रीतीने पाहिलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ पुण्याहून आलेली गाडी रात्री धरणाच्या पाण्यात गेली आणि एकाचा जीव गेला. नकाशात पूल होता, प्रत्यक्षात तो पाण्याखाली होता. अंधारात अनोळखी वाटेवर ॲपच्या भरवशावर गाडी पुढे घालायची नाही. पुढचं दिसत नसेल तर उतरून चालत बघायचं, आणि तेही जमत नसेल तर थांबायचं.

इंधनाचं गणितही ॲपवर सोडू नका. ऑफलाइन नकाशातला पंप बंद असू शकतो. तांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. ती वाचूनच टाकी भरायची, कॅनही.

मोरे मैदानात किंवा त्सो मोरीरीच्या वाटेवर जमिनीवर चाकोऱ्यांचं जाळं दिसतं आणि सपाट माळ मोह घालतो. कृपा करून वापरात असलेली चाकोरी सोडू नका. त्या उंचीवरचं विरळ गवत चांगपा पशुपालकांच्या पश्मिना शेळ्यांचं खाणं आहे, आणि टायरचा ओरखडा तिथे वर्षानुवर्षं बुजत नाही. सीमेजवळच्या भागात ॲपमधल्या सीमारेषेवरून काहीही ठरवू नका. चेकपोस्टवरचा जवान सांगेल ते अंतिम. परमिटच्या छापील प्रती बाळगा, कारण तिथे फोनवर पीडीएफ उघडेलच याची खात्री नाही.

८. वीज, थंडी, ऊन

फोन विमान मोडवर ठेवलात तर टॉवर शोधण्यात बॅटरी जात नाही आणि जीपीएस चालूच राहतो. रात्री फोन आणि पॉवर बँक पांघरुणात घेऊन झोपा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. दिवसा उलटी अडचण येते. काचेवर लावलेला, चार्जिंगला जोडलेला फोन उन्हात तापून बंद पडतो. एसीच्या झोतासमोरचा स्टँड त्यासाठी बरा. दोन केबल जास्तीच्या ठेवा, खडखडाटात केबलच आधी जाते.

९. उपग्रह फोन आणि इनरीचबद्दल

हे विशेषतः परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांसाठी. गार्मिन इनरीच (उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र) किंवा उपग्रह फोन अमेरिकेत दुकानात सहज मिळतो, भारतात मात्र तो परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. असं यंत्र सामानात सापडल्याने परदेशी प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना झाल्या आहेत. 'सेफ्टीसाठीच तर आहे' हे कारण तिथे चालत नाही. पाहुण्यांना निघण्याआधीच कळवा.

त्याच्या जागी जुना उपाय करा. घरच्या एका माणसाकडे कागदावर बेत द्या : कोणत्या रात्री मुक्काम कुठे, गाडीचा नंबर, सोबत्यांचे नंबर, आणि कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. वाटेतले सैन्याचे तळ आणि सीमा सडक संघटनेचे कॅम्प नकाशावर खुणेने टिपून ठेवू नका, ती संवेदनशील ठिकाणं आहेत. रस्त्याने जाताना लक्षात ठेवा, अडचणीत पहिली मदत तिथूनच मिळते.

१०. परत आल्यावर

ज्या नकाशावर विसंबून जाऊन आलात तो कोणी तरी फुकट भरला आहे. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे. ते ओपनस्ट्रीटमॅपमधल्या राहिलेल्या जागा शोधून साधे प्रश्न विचारतं : हा रस्ता डांबरी आहे की खडीचा? इथला पूल कोणत्या रचनेचा आहे? स्वतः पाहिलेलं तेवढंच भरायचं. प्रवासाआधी त्या भागाची माहिती उतरवली असेल तर रेंज नसतानाही उत्तरं नोंदवता येतात आणि घरी आल्यावर पाठवता येतात. दारचा-पदुमच्या एखाद्या टप्प्याचा पृष्ठभाग तुम्ही भरलात, तर पुढच्या जूनमध्ये ऑस्मअँड उघडणाऱ्याला तो रंगात दिसेल.